आमच्या ग्रूपचं कुलूप

परभणीकडे मोबाईल एकट्याचा नसतो. एसटीत तुम्ही मांडीवर मोबाईल धरून काही वाचत बसलात की शेजारचा माणूस मान तिरकी करून तेच वाचायला लागतो, आणि तुम्ही जरा लवकर पुढं सरकवलंत तर "थांबा की ताई, वाचायलोय ना" म्हणतो. जिंतूरच्या गाडीत एका गृहस्थांनी मला हे खरोखर म्हटलेलं आहे. लग्नघरी मोबाईल चार्जिंगला लावावा, तर तासाभरात घरातल्या बायका तुमचे सगळे फोटो बघून मोकळ्या झालेल्या असतात, आणि वर विचारतात, "ही निळ्या साडीतली कोन हो?" यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते तेव्हा माझ्या टेबलावरचा मोबाईल कुणी सहज उचलला तरी मी सगळ्यांदेखत हातातून काढून घ्यायची. मी पहिल्यापासून कडू तोंडाची म्हणूनच प्रसिद्ध. मागून कुणीतरी म्हणायचंच, बाईंचं काय एवढं गुपित आहे कुणास ठाऊक.

गुपित होतं. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी मलाही तपासायला लावलं आणि मलाही एचआयव्ही निघाला. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. रोज एक गोळी घेते. नोकरी पूर्ण करून रिटायर झाले, गुडघे सोडले तर काही दुखत नाही, आणि रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडत नाही इतका तो कमी झालेला आहे. हे इथं लिहितेय, पण माझ्या मुलाला सांगितलेलं नाही. तो पुण्याला असतो. त्याला एक मुलगी आहे आणि ती नात माझ्या हातानं वरणभात खाते. सुनेला मी बीपीची गोळी म्हणून सांगितलंय. म्हणून या लिखाणात माझं नाव नाही आणि कुणाचंच नाही.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आमच्या गोळ्यांचं, म्हणजे एआरटीचं, केंद्र आहे. तिथल्या बाकावर बसून बसून काही बायका तोंडओळखीच्या झाल्या होत्या. पदर कपाळापर्यंत ओढून बसायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या नाहीत, पण एखादी रडायला लागली तर शेजारची न बघताच तिच्या पाठीवर हात ठेवायची. कुणाला गोळीनं मळमळायचं, कुणाला वाईट स्वप्नं पडायची, कुणाला वाटायचं आता बरं वाटतंय तर बंद करून टाकावी. हे विचारायचं कुणाला? गावातल्या डॉक्टरला विचारलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. मी म्हटलं, आपला एक ग्रूप करू. सगळ्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी गावात दवंडी द्यायला निघाले होते.

त्यांचं चुकत नव्हतं. सगळे वापरतात त्या रोजच्या ॲपवर ग्रूप केला की प्रत्येकीला प्रत्येकीचा नंबर दिसतो. नंबर दिसला की आमच्याकडं माणूस सापडायला वेळ लागत नाही, कुणाच्या तरी मोबाईलात तो कुणाची तरी वहिनी म्हणून असतोच. शिवाय आमच्या बायकांचे मोबाईल दुकानदारानं सुरू करून दिलेले. खातं त्यानंच उघडलेलं, पासवर्ड त्यालाच माहीत, आणि बोलणं-फोटो सगळं त्याच खात्यात जाऊन साठत राहणार. मी महिनाभर वाचत बसले. ऑफिसात आयुष्यभर नियम वाचण्याची सवय, त्यामुळं ॲपच्या अटीसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बहुतेक मी एकटीच बाई असेन. शेवटी एक ॲप सापडलं. त्यात नंबर झाकता येत होता, बोललेलं ठरावीक वेळानं आपोआप पुसलं जात होतं, ॲपला वेगळं कुलूप लावता येत होतं, आणि त्यातल्या पानाचा स्क्रीनशॉट निघणार नाही अशीही सोय होती.

त्या ॲपनं पहिल्याच दिवशी मला घाम फोडला. मी खातं उघडलं आणि अर्ध्या तासात धाकट्या दिराचा फोन आला, "वहिनी, तुमी बी या ॲपवर? आमच्या हापिसातले लोक वापरायलेत. तुमाला कशाला लागलं?" ज्यांच्या मोबाईलात माझा नंबर होता आणि ज्यांच्याकडं ते ॲप होतं, त्यांना मी आल्याची वर्दी गेली होती. लपायला गेलेल्या माणसाच्या नावाची आत शिरताना हाळी द्यायची, ही कोणत्या शहाण्याची अक्कल, असं मनात म्हणत मी दिराला पेन्शनवाल्यांचा ग्रूप असल्याचं सांगितलं. मग ती वर्दी कशी थांबवायची ते शोधून काढलं, आणि बाकीच्यांच्या मोबाईलात आधी ते बंद करून मगच खातं उघडायचं असं ठरवलं.

दवाखान्याच्या मागं, सायकली लावतात तिथल्या पत्र्याखाली बसून मी एकेकीचा मोबाईल मांडीवर घेतला. दोघीतिघींना परतच पाठवावं लागलं, कारण मोबाईल त्यांचा नव्हताच. एकीचा पोराचा होता, एकीचा नवरा रोज रात्री तपासायचा. त्या बायकांना "तुमच्यासाठी काही नाही" असं सांगताना मला स्वतःचाच राग आला. ज्या उरल्या त्यांनी स्वतःचं नाव ठेवायचं नाही, फोटो ठेवायचा नाही, फक्त फुलाचं चित्र लावायचं असं ठरलं. कुणी जास्वंद लावली, कुणी शेवंती. ही जिच्याबद्दल मला सांगायचंय, तिनं सूर्यफूल लावलं. "मोठं दिसतंय," म्हणाली.

ती चुडाव्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. चुडावा स्टेशनावर गाडी पकडून यायची. तिशी ओलांडलेली, काटक, बोलताना हात हलवणारी. नवरा गेलेला, म्हातारी आई आणि सातवीतली मुलगी घरात. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडं होतं. मी तिचा मोबाईल हातात घेतला तेव्हा तिनं माझं मनगटच धरलं.

"ताई, ह्ये कुनाला दिसनार न्हाई ना? गावचे सगळे लेकरं माझ्या हातचं खातेत. कळलं तर एक दिस बी ठेवनार न्हाईत मला."

"शिजवल्यानं काही होत नाही. तुलाही माहीत आहे."

"मला माहीत हाय. गावाला कोन सांगल?"

मी तिला सगळं करून दिलं. मोबाईलचं कुलूप वेगळं, ॲपचं वेगळं, दोन निराळे आकडे ठेव म्हणून बजावलं. तिनं मान हलवली आणि दोन्हीकडं मुलीच्या जन्माचं साल ठेवलं, कारण तेवढंच तिच्या लक्षात राहणार होतं. मी काय म्हणणार? दोन आकडे विसरून ॲपच उघडलं नाही तर त्याचा उपयोग काय, हेही खरंच होतं.

ग्रूप मात्र फार छान चालला. मी छान म्हणतेय ते विचार करून म्हणतेय, कारण त्या वर्षा-दीड वर्षात मी जेवढी हसले तेवढी नवरा गेल्यानंतर कधी हसले नव्हते. सूर्यफुलाला लिहिणं जमायचं नाही, ती बोलून पाठवायची. मागं तिच्या पातेल्याचा आवाज, पोरांचा गलका. "आज मटकी हाय बगा, हेडसर दोनदा वाढून घेऊन गेले." एकीला जेवण जात नव्हतं तर ही तिला रोज सकाळी दम द्यायची, "खाल्लं का न्हाई? का येऊ तिकडं पळी घेऊन?" एकीनं गोळ्या सोडल्या होत्या, तिला हिनंच परत केंद्रावर आणलं. तिच्याच शेजारच्या गावची एक अंगणवाडीची बाई ग्रूपमध्ये होती, दोघी एका गाडीनं यायच्या, पण डब्यात लांब लांब बसायच्या. केंद्रातल्या ताई म्हणायच्या, तुमच्यातलं हल्ली कुणी तारीख चुकवत नाही. त्याचं कारण आम्ही सांगितलं नाही, पण मनातून फुशारलो होतो.

मग सरकारी योजनेच्या पैशासाठी बायकांचं केवायसी परत करायचं निघालं. ते झालं नाही तर खात्यावर काही येणार नाही, म्हणून गावोगावी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानांपुढं बायकांची झुंबड. सर्व्हर चालायचा नाही. चालला तर ओटीपी यायचा नाही, आणि यायचा तेव्हा बाई शेतात किंवा चुलीपाशी. म्हणून सगळीकडं एक पद्धत पडली. आधार कार्ड आणि मोबाईल दुकानातच ठेवून जायचं, मोबाईलच्या पाठीवर चिकटपट्टीनं चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर नाव आणि कुलपाचा आकडा. सर्व्हर चालू झाला की दुकानदार एकेक मोबाईल उघडून ओटीपी बघणार आणि काम करून टाकणार. संध्याकाळी येऊन घेऊन जायचं. मी स्वतः पिंगळीला एका ओळखीच्या बाईंकडं गेले होते तेव्हा असा ढीग पाहिला होता, टोपलीत वांगी भरावीत तसे मोबाईल भरलेले. कुणालाही त्यात भीती वाटत नव्हती. दुकानदार गावचाच, रोजच्या उठण्याबसण्यातला. त्याच्यावर संशय घेणं म्हणजे त्याचा अपमान.

तिनंही ठेवला. खिचडीची वेळ झाली होती, आणि रांगेत थांबली असती तर पोरं उपाशी राहिली असती. चिठ्ठीवर मुलीच्या जन्माचं साल.

दुपारी दुकानदार तिचा मोबाईल उघडून ओटीपीची वाट बघत होता, तेव्हा आमच्या ग्रूपमध्ये शेवंतीचा निरोप आला. निरोपात काय आहे ते वर दिसणार नाही एवढी व्यवस्था मी केली होती, पण निरोप आला एवढं तर दिसतंच. त्यानं दाबलं, ॲपनं आकडा मागितला, त्यानं चिठ्ठीवरचाच टाकला. शेवंतीनं लिहिलं होतं, केंद्रात एआरटीच्या गोळ्या आल्या का, माझी बाटली संपत आली. त्याच्यावर आणखी एकीचं, तपासणीत विषाणू किती निघाला ते. मोबाईलनं स्क्रीनशॉट काढू दिला नाही. त्यानं स्वतःचा मोबाईल काढला आणि तिच्या मोबाईलचा फोटो घेतला. माझ्या महिनाभराच्या वाचनात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि खरं तर लिहायची गरजही नव्हती, इतकं ते साधं होतं.

संध्याकाळी ती मोबाईल आणायला गेली तेव्हा तो नेहमीसारखाच बोलला. "झालं बगा मावशी तुमचं काम." काम झालंही होतं. रात्रीपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रूपवर, तिथून भावकीच्या, तिथून शाळेच्या पालकांच्या. खाली लिहिलं होतं, आपल्या लेकरांची खिचडी कोण शिजवतं ते बघा.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखं पातेलं चढवलं. पोरं डबे घेऊन आली होती. ज्यांच्याकडं डबा नव्हता त्यांना घरी जेवायला पाठवा म्हणून आयांनी मास्तरांना सांगितलं होतं. भरलेलं पातेलं तसंच राहिलं. तिची मुलगी एकटी ताट घेऊन आली, आईसमोर बसली आणि जेवली. "पोटभर जेवली, ताई," तिनं मला नंतर सांगितलं, "एकदा बी मान वर केली न्हाई, पर पोटभर जेवली."

त्याच दुपारी शाळेत बैठक बसली. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. असं काढता येत नाही, कायदा आहे, तो म्हणाला. पण पोरंच जेवणार नसतील तर मी काय करू, असंही म्हणाला. मग गावातल्या चार जणांनी तिला समजावलं की तूच म्हण जमत नाही, म्हणजे कुणावर आळ नको. तिनं तसं म्हटलं. पण त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. फोटोतली ती फुलं कुणाची? या बाकीच्या बाया कोण? आपल्या गावातली आणखी कुणी आहे का, शेजारच्या गावातली? तिला ती अंगणवाडीची बाई माहीत होती. नुसती माहीत नव्हती, तिचं घर, तिचा दरवाजा, सगळं माहीत होतं. ती म्हणाली, मला कुनाचंच ठाव न्हाई, तिथं नावं नसतेत. परत परत विचारलं. एकानं लालूचही दाखवली, नावं सांग, मग बघू तुझ्या कामाचं. ती तेच म्हणत राहिली.

हे सगळं तिनं रात्री ग्रूपमध्ये बोलून पाठवलं. आवाज अगदी सपाट, मागं पातेलं नाही, पोरं नाहीत. मला वाटलं आता सगळ्या तिला धीर देतील. ग्रूपमध्ये पहिली ओळ आली ती अशी, की शेवंतीनं ग्रूप सोडला. मग जास्वंदीनं. मग अंगणवाडीच्या बाईनं. बोटाखालच्या ओळी एकामागून एक वाढत गेल्या आणि मी नुसती बघत बसले. मी शिव्या देते हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, त्या रात्री मी त्या बायकांना दिल्या नाहीत असं नाही. पण मनातून त्यांच्यावर राग धरता येत नव्हता. त्यांच्याही घरात पोरी होत्या, सासवा होत्या, एकीचं तर दुसरं लग्न ठरत होतं. सकाळी ग्रूपमध्ये दोनच फुलं उरली, माझं आणि तिचं.

तिनं मला विचारलं, "अंगणवाडीवाल्या बी गेल्या का?"

"गेल्या."

"बरं केलं. तिला दोन पोरी हायेत."

मी तिला म्हटलं, तक्रार कर. दुसऱ्याचा आजार असा चव्हाट्यावर मांडणं गुन्हा आहे. मी येते तुझ्याबरोबर ठाण्यात. ती म्हणाली, तक्रारीत नाव घालावं लागंल ना? माझं बी अन् आजाराचं बी? ठाण्यात गावातलेच लोक बसलेले असतात, एकदा माझ्या तोंडानं वदवून घेतलं की झालं. आता निदान म्हनता तरी येतंय की खोटं हाय. कुणी विश्वास ठेवत होतं का, असं मी विचारलं नाही.

त्यानंतर तिचे निरोप थांबले. तिच्या गोळ्यांची तारीख मला ठाऊक होती, कारण आम्ही दोघी एकाच आठवड्यात जायचो. ती आली नाही. केंद्रातल्या ताई दुसऱ्याची माहिती सांगत नाहीत, आणि सांगू नयेच, पण मी विचारल्यावर त्यांनी ज्या तऱ्हेनं रजिस्टर मिटलं त्यावरून मला कळलं. गोळ्या तुटल्या की आत दबलेला विषाणू परत वर येतो, आणि पुष्कळदा त्याच गोळ्यांना मग दाद देत नाही. हे तिनंच दुसऱ्यांना पळी दाखवून शिकवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर धरली.

चुडाव्याला उतरून ऑटोनं तिच्या गावात गेले. पत्ता विचारायला एका घरापुढं थांबले. घरातली बाई बाहेर आली, माझी इस्त्रीची साडी, पर्स बघून "बसा की ताई, उन्हाच्या आल्या" म्हणाली आणि माठातलं पाणी तांब्याभांड्यात घेऊन आली. मी प्यायले. कुणाकडं जायचंय ते सांगितल्यावर तिचा चेहरा पडला.

"तिच्याकडं? कोन लागतेत तुमच्या?"

"ओळखीची आहे."

"जावा, पर तिथं पानी-बिनी पिऊ नका बरं. लय वंगाळ आजार हाय तिला. आमी तर आमच्या लेकरांला त्या गल्लीतून बी जाऊ देत न्हाई."

तिचं भांडं माझ्या हातातच होतं. डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "पाण्यानं होत नाही तो."

"तुमाला काय म्हाईत?"

"मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य ओठावर येऊन परत गेलं. ती बाई चांगुलपणानं म्हणाली, "आनखी आनू का पानी?" मी नको म्हणून भांडं खाली ठेवलं.

पुढच्या गल्लीत ती आपल्या दारात तूर निवडत बसली होती. मला बघून उठली नाही, हसली नाही. मुलगी शाळेत जात नव्हती, आजीच्या पायाशी पुस्तक घेऊन बसली होती. मी गोळ्यांचं विचारलं. ती म्हणाली, गाडीत गावातले लोक असतात. मी बसले की उठून जातात, आणि परभणीला उतरले की बघत राहतात कुठं जाते. एकदा अर्ध्या रस्त्यातून परत आले. आता जायचंच नाही असं ठरवलंय.

"पोरीसाठी तरी घे."

"पोरीसाठीच शिजवत होते, ताई." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी लय शिकवलं. कुलूप लावायचं, नाव झाकायचं, बोललेलं पुसून टाकायचं. समदं शिकले. आता समद्यांला कळलंय. कळल्यावर मान्सानं कसं ऱ्हायचं, ह्ये कोन्या ॲपात हाय?"

मी एवढंच म्हणाले की माझ्याबरोबर चल, मी शेजारी बसते. तिनं बराच वेळ तूर निवडली. मग आत जाऊन साडी बदलून आली.

चुडाव्याच्या फलाटावर तिच्या गावच्या तीनचार बायका होत्या. आम्ही बाकावर बसलो तशा त्या उठून पार पुढच्या टोकाला गेल्या. एकीनं वळून माझ्याकडं बघितलं, ही कोण नवीन, असं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, पण पदर डोक्यावरून कधी घेतला ते माझं मलाच कळलं नव्हतं. गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि पूर्णा स्टेशन गेल्यावर म्हणाली, "मटकी आता कोन भिजवत आसंल हो?" दुसरी बाई ठेवली होती म्हणे शाळेनं. पोरं परत जेवायला लागली होती.

केंद्रातल्या ताई तिला रागावल्या नाहीत. तपासणीला रक्त घेतलं, बसवून समजावलं, गोळ्या दिल्या. आदल्या दिवशी तिच्या काळजीत माझ्याही राहून गेल्या होत्या, त्या मीही घेतल्या. बाहेर पडल्यावर आम्ही सवयीनं मागच्या नळापाशी गेलो. तिथं आमच्यातल्या सगळ्याच जातात. खोकं तिथंच फाडून टाकायचं, बाटलीवरचा कागद नळाखाली भिजवायचा आणि नखानं खरवडून काढायचा, म्हणजे घरी नेली तरी कुणी विचारलं तर बीपीच्या नाहीतर कॅल्शियमच्या म्हणता येतं. मी पर्स तिच्याकडं दिली आणि बाटली पाण्याखाली धरली.

तिनं तिची बाटली होती तशी, कागदासकट, भाजीच्या पातळ पिशवीत टाकली. बाहेरून सगळी अक्षरं दिसत होती.

"अगं, कागद काढ की," मी म्हटलं.

"कुनापासून, ताई?"

मी नळ बंद केला नाही. कागद चिवट होता, कोपऱ्यातून सुटत नव्हता. ती म्हणाली, "तुमचं होऊ द्या सावकास, गाडीला येळ हाय." मग पिशवी बोटाला अडकवून, माझी पर्स छातीशी धरून, ती माझ्याकडं पाठ करून रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. माझ्या ओळखीचं कुणी येतंय का, ते बघत.